पोटगीला ६० दिवसांची मुदत आहे, मग लेकराच्या भेटीला का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून येतं की घटस्फोट वाढले, लग्नं टिकत नाहीत, पोरांना तडजोड नको वगैरे, त्यावर कुणीतरी तज्ज्ञ चार सल्ले देतात आणि विषय संपतो. लग्न मोडल्यावर जे लेकरू मधे राहतं त्याचं पुढं कोर्टात काय होतं ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी वकील नाही, एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो, गेली पाच-सहा वर्षं कोर्टाच्या बाकड्यावर बसून जे कळलं तेवढंच लिहितोय. आमच्या घरात अशा दोन केसेस झाल्या, एक माझ्या पुतण्याची, एक माझ्या सख्ख्या लेकीची. म्हणजे एका केसमधे आम्ही लेकराला भेटू द्या म्हणून हात जोडणारे आणि दुसरीत भेटू न देणारे. त्यामुळे कुणा एकाची बाजू घेऊन लिहितोय असं समजू नका, आणि घेतली असं वाटलंच तर शेवटपर्यंत वाचा.

आधी पुतण्याचं सांगतो. नोकरी पुण्यात, सासर विदर्भात. २०२१ च्या दिवाळीत सूनबाई भाऊबीजेला माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. का आल्या नाहीत यात मी जात नाही, दोघांचंही चुकलं असेल, आमच्या वहिनींचा स्वभावही काही साखरेचा नाही. मुलगी तेव्हा दोन वर्षं पाच महिन्यांची होती. आम्ही वडीलधारी माणसं दोन वेळा जाऊन आलो, बैठका झाल्या, चहा झाला, काही निघालं नाही. मग फेब्रुवारी २०२२ मधे यानं कोर्टात अर्ज दिला. ताबा मागितलाच नाही हो, कायद्यातच लिहिलंय की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहील, ते त्याला मान्यच होतं, त्याला फक्त मुलीला भेटायचं होतं. आणि १८९० चा जो पालक आणि पाल्य कायदा आहे (हो, १८९०, इंग्रजांच्या काळातला, आजही तोच चालतो) त्यात मूल जिथं राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं, म्हणून हा दर तारखेला रात्रभर गाडीत बसून जायचा, स्टेशनवर तोंड धुवायचा आणि अकराला कोर्टात हजर.

मला ड्युटीची सवय, मी त्याला म्हटलं एक वही कर आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहून ठेव. ती वही आज माझ्यासमोर आहे. अंतरिम भेटीचा आदेश झाला सप्टेंबर २०२३ मधे, म्हणजे १९ महिन्यांनी, तोवर २३ तारखा झाल्या. त्यातल्या तीन नोटीस बजावली गेली नाही म्हणून गेल्या, बेलिफचा, म्हणजे नोटीस घेऊन जाणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, शेरा काय तर घर बंद. चार तारखा समोरच्यांनी से द्यायला मागितल्या, से म्हणजे आपल्या अर्जावर त्यांचं म्हणणं, एका पानाचं असतं. दोन वेळा आमचेच वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले. दोनदा जजसाहेब रजेवर, मग त्यांची बदली, नवीन साहेब येईपर्यंत चार्ज दुसऱ्यांकडे आणि ते म्हणाले अर्जंट असेल तेवढंच ऐकतो. पोरीला भेटणं अर्जंटमधे बसेना. मधे मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, वकिलांचं कामकाजापासून अलिप्त राहणं. समुपदेशकांचा रिपोर्ट आला नाही म्हणून तीन. आणि उरलेल्या बऱ्याच तारखांना रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशी काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीत, एकच शब्द, वेळेअभावी. २३ पैकी खरोखर अर्जावर बोलणं झालं ते दोन वेळा, दुसऱ्या वेळी अर्धा तास. तो अर्धा तास पहिल्या महिन्यात का नाही देता आला हे मला आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही.

एस.टी. लेट होते म्हणून लोक आम्हाला शिव्या घालतात, घालू देत, पण एखादी फेरी रद्द झाली तर पुढची गाडी कधी ते खिडकीवर सांगावं लागतं आणि कारण लॉगशीटवर लिहावं लागतं, वरचा साहेब विचारतो. इथं कुणी विचारत नाही.

पण मला उशीर झाला एवढीच तक्रार करायची नाहीये. उशीर झाल्यावर पुढं काय होतं ते सांगायचंय. आदेश झाला, महिन्यातून दोन शनिवार, कोर्टाच्या आवारातच, दोन तास. पहिल्या भेटीला पुतण्या फ्रॉक घेऊन गेला, मी बरोबर होतो. दुकानात त्यानं माप सांगितलं ते मुलगी घरातून गेली तेव्हाचं, थोडं मोठंच घेतलं होतं म्हणे, तरी तो फ्रॉक तिच्या कोपराच्या वर अडकून बसला. सव्वाचार वर्षांची झाली होती ना ती. तिला हा माणूस कोण ते ठाऊक नव्हतं. आईचा पदर सोडेना, रडायला लागली, आणि रडली म्हणून भेट वीस मिनिटांत संपली. पुढच्या तीन-चार भेटी तशाच. मग समुपदेशकांचा रिपोर्ट गेला की मूल वडिलांसोबत सहज नाही, जायला तयार नाही. आणि त्याच रिपोर्टावर बोट ठेवून समोरचे वकील म्हणाले, बघा साहेब, मुलीलाच भेटायचं नाही, बळजबरी कशाला करता. आता तुम्हीच सांगा, अडीच वर्षांच्या पोरीनं पावणेदोन वर्षं बाप बघितलाच नाही तर ती सहज कशी राहील. म्हणजे कोर्टानं आधी तारखा देऊन देऊन तिला बापाला विसरायला लावलं आणि मग ती विसरली हाच पुरावा धरला. केसचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, खरा निकाल त्या २३ तारखांनी आधीच लावून टाकलेला असतो, पाटी टाकायची तेवढी बाकी राहते.

आता दुसरी केस. ही लिहायला जरा जड जातंय.

माझी लेक नातवाला घेऊन माहेरी आली ती मार खाऊन आली होती. दोनदा हात उचलला होता जावयानं, दुसऱ्या वेळी नातू समोर होता. तिनं घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला, पुढं घटस्फोटाची केस. जावयानं मुलाला भेटण्यासाठी अर्ज दिला. आमचे वकील म्हणाले, काका काळजी करू नका, से द्यायला वेळ मागू, मग बघू. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. पुतण्याच्या केसमधे ज्या चार तारखांना मी शिव्या दिल्या तशा इथं आम्ही सहा घेतल्या. एका वेळी नातवाला ताप आहे म्हणून सर्टिफिकेट लावलं, ताप होता पण ९९. वर्षभर असं चाललं. जावई आधी प्रत्येक तारखेला यायचा, मग एक सोडून एक, मग त्याचा फक्त वकील. आम्ही म्हणायचो बघा, ह्याला पोराचं काही पडलेलंच नाही.

लेकीची भीती खोटी नव्हती हो. पण त्या वर्षभरात त्या भीतीची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. भेटीत धोका आहे का, कुणाच्या समोर भेट दिली तर चालेल का, जावई दारू पितो का, मुलगा त्याला घाबरतो का, यातलं एकही विचारलं गेलं नाही, फक्त पुढची तारीख मिळत गेली. म्हणजे ज्या बाईला खरंच भीती आहे तिलाही कोर्टानं संरक्षण दिलं नाही, आणि जी बाई (किंवा बाप, बापही लेकरं दाबून ठेवतात) निव्वळ सूड म्हणून अडवते तिलाही कुणी विचारलं नाही. दोघींना सारखीच तारीख. म्हणून जे लोक म्हणतात की भेटीचे अर्ज लवकर निकाली काढा ही पुरुषांच्या संघटनांची मागणी आहे त्यांना माझं म्हणणं आहे की नाही बाबांनो, लवकर चौकशी व्हावी ही सगळ्यात जास्त गरज मार खाल्लेल्या बाईची आहे.

नातू नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याला जजसाहेबांनी चेंबरमधे बोलावलं. कायद्यात तसं आहे, मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घेता येतं. आदल्या रात्री आमच्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको, आजी सांगतेय, मामा सांगतोय, मीही दोन वाक्यं सांगितली. दुसऱ्या दिवशी पोरगं दहा मिनिटांत बाहेर आलं आणि सगळ्यात आधी माझ्याकडे बघून विचारलं, आबा मी बरोबर बोललो ना? मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मला त्या हो ची लाज वाटते. नऊ वर्षांच्या पोराला असं एका सकाळी शाळा बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीसमोर उभं करून आई हवी का बाबा हे विचारायचं नसतं. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात डॉक्टर, मानसतज्ज्ञ, समाजसेवक यांची मदत घ्यायची सोय आहे, मग असं माणूस दोन-तीन वेळा घरी जाऊ दे, शाळेत जाऊ दे, वर्गशिक्षिकेला विचारू दे, पोराबरोबर कॅरम खेळू दे. पढवलेलं पोर आणि मनातलं बोलणारं पोर यातला फरक कॅरमच्या दुसऱ्या डावात कळतो.

हा १९८४ चा कायदा मी वाचला, मराठीत मिळतो, लहान आहे, पंचवीसेक कलमं. वाचून खरं सांगायचं तर अचंबा वाटला, कारण कायदा वाईट नाहीच. त्यात लिहिलंय की कोर्टानं आधी समेटाचा प्रयत्न करावा. समेटासाठी लागली तर स्वतःची पद्धत ठरवायची मोकळीक आहे, दिवाणी कोर्टासारखं कागदी घोडं नाचवलंच पाहिजे असं नाही. पुराव्याचे नेहमीचे कडक नियम सैल केलेत. वकील हा तर हक्कानं उभा राहूच शकत नाही, कोर्टानं परवानगी दिली तरच. समुपदेशक कोर्टालाच जोडून दिलेत. जज निवडताना मुलांच्या हिताची कळकळ असलेली माणसं बघा आणि बायकांना प्राधान्य द्या असंही आहे. आणि प्रत्यक्षात काय, तर तेच वकीलपत्र, तोच से, तीच पर्सिस (पक्षकारानं कोर्टाला लिहून दिलेलं छोटं निवेदन), तोच पुकारा, फक्त इमारतीवर पाटी कौटुंबिक न्यायालय. ज्या शहराची लोकसंख्या १० लाखांच्या वर आहे तिथं हे कोर्ट पाहिजेच, बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटली तर. जिथं नाही तिथं अशा केसेस नेहमीच्या दिवाणी कोर्टात जातात, बांधाच्या आणि विहिरीच्या दाव्यांच्या रांगेत, आणि तिथं लेकराशी बोलायला कोर्टाचा समुपदेशक कुठून आणणार.

आता माझा मुख्य मुद्दा, संपादकसाहेब, पत्र लांबलंय हे कळतंय, कापायचं असेल तर माझी रामकहाणी कापा पण हा परिच्छेद ठेवा. हिंदू विवाह कायद्यात २००१ मधे एक दुरुस्ती झाली. केस चालू असताना बायकोनं (किंवा नवऱ्यानं) पोटगीचा अर्ज केला तर तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाच्या खर्चाचा अर्जही तसाच ६० दिवसांत, कलम २६ ला जोडलंय ते. त्याच कलम २६ मधे मुलांच्या ताब्याचं पण आहे. पण ताबा आणि भेट याला ती ६० दिवसांची ओळ लावलेली नाही! पैशाला मुदत आहे, माणसाला नाही. ते ६० दिवस पाळले जातात असं मी म्हणत नाही, पोटगीसाठी वर्षानुवर्षं चपला झिजवणाऱ्या बायका मी रोज बघितल्यात, पण निदान वकिलाला बोट ठेवायला एक ओळ तरी असते. भेटीच्या अर्जावर बोट ठेवायला काहीच नाही. ही एक ओळ घाला. त्याला ना इमारत लागते ना बजेट.

आणि ६० दिवससुद्धा लहान मुलाला फार होतात. माझं म्हणणं आहे की समोरचा माणूस पहिल्यांदा हजर झाला की त्याच तारखेला, से यायच्या आधीच, कामचलाऊ भेट सुरू करा, रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉल आणि पंधरा दिवसांतून एकदा दोन तास. सुप्रीम कोर्टानं २०२० मधे एका निकालात हेच म्हटलंय, की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलायचा हक्क असला पाहिजे, आणि मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळायचा हक्क आहे. रोज म्हटलंय हो, तारीख लागेल तेव्हा नाही. एखादी म्हणाली की नाही, मला किंवा लेकराला धोका आहे, तर तिचं ते म्हणणं त्याच दिवशी लिहून घ्या, भेट समुपदेशकांसमोर ठेवा आणि महिन्याभरात चौकशी पुरी करा. धोका खरा निघाला तर भेट बंद ठेवा, कुणाची हरकत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक रोजनाम्यावर केस नंबरच्या शेजारी मुलाचं वय लिहा, वर्षं आणि महिने. आज २ वर्षं ८ महिने. पुढच्या तारखेला २ वर्षं १० महिने. जो जज वेळेअभावी लिहील त्याला त्या आकड्याच्या खाली लिहावं लागेल. एवढ्यानं काय होणार असं आमचे वकील हसून म्हणाले, होईल हो, मी तीस वर्षं लॉगशीट भरल्यात, माणूस आकड्याला घाबरतो.

आदेश झाल्यावर तो मोडला तर काय, हाही एक घोळच आहे. पुतण्याच्या ठरलेल्या शनिवारी कधी मुलगी आजारी, कधी मामाचं लग्न, कधी नुसतंच कुणी आलं नाही. हा बिचारा रात्रभर प्रवास करून दोन तास बाकड्यावर बसून परत. मग काय करायचं, तर आदेश अमलात आणा म्हणून दरखास्त टाकायची, म्हणजे पुन्हा नोटीस, पुन्हा बेलिफ, पुन्हा से. अहो बुडालेली भेट पुढच्या आठवड्यात आपोआप भरून द्यायची अशी एक ओळ आदेशातच का टाकत नाहीत? तीन वेळा बुडाली की जज स्वतःहून बोलावून विचारतील अशी दुसरी. आणि हे दोन्हीकडून लागू करा. आमच्या बाकड्यावर एक बाई यायच्या, त्यांचा मुलगा नवऱ्यानं शाळेतून उचलून नेला होता, दीड वर्ष झालं, त्यांच्या हातात आदेश होता आणि त्या तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायच्या, घडीवर फाटायला लागला होता म्हणून.

भेटीच्या जागेबद्दल थोडंसं. आम्ही बघितलेल्या कोर्टात मुलांसाठी एक खोली आहे, भिंतीवर छोटा भीम रंगवलाय, खेळण्यांच्या खोक्यात चाकं नसलेल्या तीन गाड्या आणि एक बाहुली. दार उघडं ठेवतात त्यामुळे बाहेरचा पुकारा आत येतो, बाहेर कुणाचं तरी भांडण चालू असतं, पोलीस हातकडीतला माणूस घेऊन जातात कारण शेजारीच फौजदारी कोर्ट. पोरगी कावरीबावरी होणार नाही तर काय होईल. शाळा शनिवारी दुपारी रिकाम्या असतात, अंगणवाड्या असतात, गावोगाव वाचनालयं आहेत, बागा आहेत. समाजकल्याणाचं काम करणाऱ्या संस्थांना जोडून घ्या हे १९८४ च्या कायद्यातच आहे. कोर्ट सोडून कुठंही चालेल.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही ती म्हणजे निम्मं-निम्मं. आठवडा आईकडे, आठवडा बाबांकडे, सगळ्यांना सरसकट, अशी मागणी आजकाल व्हॉट्सॲपवर फार फिरते. २०१५ मधे विधी आयोगानं २५७ नंबरचा अहवाल दिला या विषयावर, त्यात संयुक्त ताब्याचा पर्याय द्या असं म्हटलंय, पण तो सरसकट गृहीत धरा असं म्हटलेलं नाही, आणि ते बरोबर आहे. आई हडपसरला, बाप चिंचवडला, शाळा कोथरूडला असं असलं तर त्या पोराचं बालपण रिक्षात जाईल, मला पुण्याचं ट्रॅफिक माहिती आहे. ज्यांना जमतं त्यांना द्या, जवळ राहतात, बोलतात एकमेकांशी, त्यांना खुशाल द्या. त्याच अहवालात आजी-आजोबांच्या भेटीचाही विचार केलाय हे वाचून आमची ही म्हणाली, चला कुणाला तरी आठवण झाली. आमच्या वहिनी, पुतण्याची आई, नातीला व्हिडिओ कॉलवर बघून स्क्रीनवर बोट फिरवत बसतात, बोट लागून कॉल कट होतो मग रडतात. स्वभाव साखरेचा नाही हे मी वर लिहिलंय, पण आजी आहेत.

तो अहवाल येऊन दहा वर्षं झाली. त्यात आई आणि वडील दोघांना सारखेच नैसर्गिक पालक माना असंही होतं. आजही १९५६ च्या कायद्यात शब्द काय आहेत, तर वडील, आणि त्यांच्यानंतर आई. १९९९ मधे लेखिका गीता हरिहरन यांच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं त्या ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ मोठ्या मनानं लावला, म्हणजे वडील मेल्यानंतरच असं नाही, वडील लक्ष देत नसतील, गैरहजर असतील तरी आई पालक. अर्थ लावला, पण पुस्तकातले शब्द तेच राहिले. माझ्या लेकीला पोराच्या कागदांसाठी खिडकीवर विचारतात, वडिलांची सही? आपल्या राज्य सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव लावायचं ठरवलं, चांगलं केलं, पण नावात आई आधी आणि कायद्यात आई नंतर असं किती दिवस चालवणार.

आणि हो, ही वेगवेगळी कोर्टं. लेकीची घरगुती हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटकडे, घटस्फोट आणि मुलाचा अर्ज एकीकडे, पोलीस केस तिसरीकडे. एका कोर्टात जावई म्हणतो माझा पगार कमी, दुसऱ्यात तोच म्हणतो मी मुलाला चांगल्या शाळेत घालीन. तिन्हीकडच्या तारखा एकाच दिवशी आल्या की आम्ही जिने चढत-उतरत बसायचो. एका घराच्या सगळ्या केसेस एकाच जजसमोर ठेवा आणि लेकराचा अर्ज निकाली निघेपर्यंत निदान त्या जजची बदली करू नका, जमत नसेल तर नवीन साहेबांना सगळं पहिल्यापासून ऐकायला लावू नका. पैशाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०२० मधे दोघांनी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दिलंच पाहिजे असं सांगितलं, ती केस आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेली होती, त्यामुळे निदान खोटं बोलणं थोडं अवघड झालंय. तसंच लेकराच्या बाबतीत एक ठरलेला नमुना करा, शाळा कुठली, सुट्टी कशी वाटायची, मे महिन्यातला अर्धा कुणाकडे, गणपतीत कुठं, दिवाळीत कुठं, दवाखान्यात कोण नेणार, फोन किती वाजता. दोघांनी पहिल्याच महिन्यात भरून द्यायचा. भांडणं निम्मी यातच संपतील कारण निम्मी भांडणं गणपतीत कुणाकडे याचीच असतात.

आता शेवटचं काय झालं ते सांगतो. नातवाच्या त्या प्रश्नानंतर मी काही दिवस घरात फारसं बोललो नाही. मग एक दिवस लेकच म्हणाली, आबा, दादाला (म्हणजे पुतण्याला) जसं झालं तसं याला व्हायला नको. मी म्हटलं तुला भीती वाटते ना? म्हणाली वाटते, पण माझी मला वाटते, पोराला तो कधी बोट लावणार नाही हे मला माहितीय. तिनं वकिलांना न विचारता स्वतःच्या हातानं पर्सिस लिहिली, की दर रविवारी दहा ते एक मुलाला वडिलांना भेटायला माझी हरकत नाही, माझे वडील सोबत बसतील. जावयाच्या वकिलांनी लगेच मान्य म्हणून सही केली. दोन्ही बाजू राजी, भांडण नाही, वाद नाही, एका ओळीचा आदेश करायचा.

त्याला तीन तारखा लागल्या. रोजनाम्यात पहिल्या दोन्ही वेळा, वेळेअभावी.

आता दर रविवारी मी बागेतल्या बाकड्यावर पेपर वाचत बसतो, ते दोघं समोर क्रिकेट खेळतात. पुतण्याची पुढची तारीख जानेवारीत आहे, मुलगी साडेसहा वर्षांची होईल.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक

(ता.क. नाव-गाव छापू नये ही विनंती, नातवाच्या शाळेत आपलाच पेपर येतो.)